डोंगरावरचं नमुना कुटुंब

माणसानं पन्नाशीच्या आत एकदा तरी स्वतःला ओलांडलं पाहिजे, हे मला क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये कळलं. मी तिथं स्वतःला ओलांडायला गेलो नव्हतो. वर्तमानपत्रातून 'मोफत आत्मविकास शिबिर, अल्पोपाहाराची सोय' असा कागद पडला होता आणि त्या दिवशी घरी दोडक्याची भाजी होती.

शिबिर घेणारे गृहस्थ आर. के. सर. पुढं ओळख वाढल्यावर कळलं की त्यांचं खरं नाव रामकिसन आणि गाव पैठणकडचं, पण गळ्यात टाय असताना रामकिसन म्हटलेलं त्यांना सोसत नसे. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले, मनात एक डोंगर आणायला सांगितला आणि तो चढून वर गेल्यावर काय दिसतं असं विचारलं. माझ्या शेजारच्या माणसाला देवी दिसली. मला काहीच दिसलं नाही, पण समोशाचा वास येत होता. मग सरांनी दिवे लावले आणि तोच डोंगर पडद्यावर दाखवला. डोंगर पिशोरच्या अलीकडचा होता, त्याचं नाव 'रजतगिरी' ठेवलं होतं, आणि त्यावरची घरं आम्ही विकायची होती.

आत्मविकासाचा आणि घरं विकण्याचा काय संबंध, असं एकानं विचारलं. सर म्हणाले, "जो डोंगर विकतो, तो आतून डोंगर होतो." यावर सगळ्यांनी दुसरा समोसा उचलला. समोसे चांगले होते.

आता पिशोर हे नाव ऐकून मी का सरसावलो, ते सांगायला हवं. पिशोर ही माझी सासुरवाड. मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. 'वरिष्ठ' हा शब्द वयाला लागतो, पगाराला लागत नाही. माझा धाकटा साडू कन्नडला सिमेंटचं दुकान चालवतो. सासुरवाडीला आम्ही दोघं पाटावर बसलो की सगळे त्याला विचारतात, "काय म्हणतो धंदा?" आणि मला विचारतात, "शहरात नळाला पाणी येतं का?" वीस वर्षं मी या एकाच प्रश्नाचं उत्तर देत आलो आहे, आणि उत्तरही वीस वर्षं एकच आहे. तेव्हा सासुरवाडीच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या उशाच्या डोंगरावर एक तरी घर विकून दाखवायचं, असा मी निश्चय केला. एकच घर. मग पाटावर बसल्यावर बघू म्हटलं कोण कुणाला काय विचारतं.

घरी आलो तेव्हा आमच्या हिनं, म्हणजे आशानं, पत्रकावरचा फोटो बघितला आणि म्हणाली, "हा तर आमचा बोडका."

"रजतगिरी," मी म्हणालो.

"बोडकाच हाये. लहानपणी आम्ही इथं तरवडाची फुलं आणायला जायचो. दुसरं काही उगवतच नाय तिथं." आशा शहरात वीस वर्षं राहिली, पण माहेरचा विषय निघाला की तिची भाषा माहेरी जाऊन बसते.

पहिली अडचण कार्यालयात आली. सरकारी नोकराला जोडधंदा करायचा तर परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला. अर्ज एका टेबलावर आठवडाभर बसला, दुसऱ्या टेबलावरून 'अर्जदार डोंगर विकणार की डोंगरावरील घर, याचा खुलासा व्हावा' असा शेरा घेऊन परतला, खुलासा घेऊन पुन्हा गेला, आणि फिरत फिरत एक दिवस अभिप्रायासाठी माझ्याच टेबलावर आला. कारण अशा अर्जांवर अभिप्राय देण्याचं काम माझ्याकडे आहे. मी नियम काढून वाचले. परवानगी देता येत नव्हती. मी तसं लिहून सही केली. साहेबांनी माझ्या निःस्पृहपणाचं भर बैठकीत कौतुक केलं.

मग सरांनी वाट काढली. एजन्सी आशाच्या नावावर घ्यायची. तिच्या नावाची कार्डं छापून आली: 'सौ. आशाबाई, पर्वतगृह सल्लागार.' खाली फोन नंबर माझा. त्यामुळं फोन वाजला की पलीकडून "आशाबाई आहेत का?" असं यायचं आणि मला "मी त्यांचे यजमान" असं सांगावं लागायचं. एकानं तर "मग बाईंना द्या, निर्णय घेणाऱ्याशीच बोलायचंय" असं म्हणून माझ्या आतल्या डोंगराचा एक मोठा कडा पाडला.

तो डोंगर उभा करायला मी रोज सकाळी आरशापुढं उभा राहून मोठ्यानं म्हणायचो, "मी डोंगर आहे. मी हलणार नाही." पाचव्या सकाळी आशा केरसुणी घेऊन मागं उभी राहिली आणि म्हणाली, "हला थोडं, तिथला कचरा राहिलाय." मी हललो. आत्मविकासात घरच्यांची साथ महत्त्वाची असते, असं सर म्हणतच होते.

खालच्या मजल्यावरचे तात्यासाहेब एसटीत कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर गाड्या सोडायच्या थांबल्या, म्हणून ते आता सल्ले सोडतात. जिन्यात गाठून म्हणाले, "बिबट्या आहे का तिकडे?"

"नाही."

"मग आहे म्हणा. आणि असला तर नाही म्हणा. गिऱ्हाइकाला डोंगरावर काहीतरी लपलेलं लागतं. आणि एक, चढ आहे असं म्हणायचं, उतार आहे असं म्हणायचं नाही." ते आयुष्यात एकदाही पिशोरच्या वाटेला गेले नव्हते, पण त्या वाटेवर गाड्या त्यांनी खूप सोडल्या होत्या.

दोन महिने घर विकलं गेलं नाही. मग सरांना ती कल्पना सुचली. ते आमच्या घरी आले, टाय सैल केला आणि म्हणाले, "नमुना घरात सोफा असतो, पडदे असतात, माणसं नसतात. गिऱ्हाईक येतं आणि रिकाम्या घराला घाबरतं. घर विकू नका. कुटुंब विका. दर रविवारी तुम्ही तिघांनी तिथं राहायचं. सुखी दिसायचं. बस्स."

यासाठी त्यांनी सगळा कार्यक्रमच आखून आणला होता. आमची ऋतुजा अकरावीत आहे आणि तिचं मुंडकं फोनमध्ये असतं. तिनं झोक्यावर बसून चित्र काढायचं. आशानं ओट्यावर, म्हणजे सरांच्या भाषेत डेकवर, पुस्तक घेऊन बसायचं. आणि मी स्वतःच्या हातानं चहा करायचा, तो आशाला नेऊन द्यायचा, तिच्याजवळ बसायचं आणि विचारायचं, "आज काय वाचतेस?" सर म्हणाले, "बाई गिऱ्हाईक असली तर या एका वाक्यावर घर विकलं जातं."

कपडे सगळ्यांनी पांढरे घालायचे होते. डोंगराच्या पार्श्वभूमीवर पांढरं उठून दिसतं म्हणे. आम्ही शहागंजात गेलो. मी दुकानदाराला सांगितलं, तिघांचे कपडे द्या, सगळे पांढरे. त्यानं कापड मोजायचा गज खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "किसका इंतकाल हुआ, साब?" मी म्हणालो, कुणाचा नाही, सुखी दिसायचंय. त्यानं माझ्याकडे, मग आशाकडे बघितलं, आणि न मागता भाव कमी केला.

पहिल्या रविवारी रजतगिरीवाल्या कंपनीच्या जीपनं आम्हाला वर सोडलं. घर खरोखर देखणं होतं. आजूबाजूला बाकीची घरं म्हणजे चुन्यानं आखलेल्या रेघा. स्वयंपाकघरात चकचकीत विजेची शेगडी. मी चहाला हात घालणार तेवढ्यात आशा म्हणाली, "थांबा. नव्या घरात आधी दूध उतू घालावं लागतं."

"अगं, घर आपलं नाही."

"घर कुणाचं का असंना, चूल मी पेटवू राहिले. दूध उतू घातल्याशिवाय मी इथं पाणीसुद्धा तापवणार नाय."

तिनं हळदीकुंकू लावलं, हात जोडले, दूध ठेवलं. दूध उतू गेलं, शेगडीच्या भेगांत उतरलं, आतून फट् असा आवाज आला आणि अख्ख्या घराची वीज गेली. ती वीजही बांधकामासाठीच्या तात्पुरत्या जोडणीची. ती पुन्हा मिळवायला सरांना अर्ज करावा लागला आणि त्यात 'कारण' या रकान्यात काय लिहायचं यावर आठ दिवस विचार करावा लागला. तोवर आशानं अंगणात तीन दगड मांडून चूल केली. गिऱ्हाइकांना ती चूल इतकी आवडली की सरांनी वीज आल्यावरही तीच ठेवायला सांगितली. त्यामुळं पुढचे सगळे रविवार सुखी माणसाची भूमिका मी धुरात, डोळे पुसत वठवली.

दूध उतू जात असताना कुंपणाबाहेर एक माणूस काठीवर हनुवटी टेकून खिडकीतून बघत होता. तो केरबा. शेळ्या-मेंढ्या घेऊन तो लहानपणापासून या डोंगरावर हिंडतो आणि आशाला परकरात असल्यापासून ओळखतो. "आशाक्का, घर बांधलं व्हय?" त्यानं विचारलं. आशा आत भांडं घासत होती. उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली. मी पांढऱ्या कुडत्यात उभा होतो, मागं बंगला होता, आणि समोर माझ्या सासुरवाडीचा माणूस. मी म्हणालो, "हं. चाललंय." यात खोटं काय आहे, ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

चहाचं मात्र सांगायलाच हवं. पहिला कप मी आशाच्या हातात दिला तेव्हा तिनं कपाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "बरं वाटत नाय का तुम्हाला?"

"कार्यक्रमात आहे," मी कुजबुजलो. "घे. आज काय वाचतेस?"

तिनं पुस्तकाचं कव्हर बघितलं. सरांनी रद्दीतून किलोवर आणलेल्या गठ्ठ्यातलं ते 'मधमाशी पालन' होतं. "मधमाशा," ती म्हणाली. गिऱ्हाईक खूश झालं. पुढच्या रविवारी मी तेच विचारलं तर तिनं मला राणीमाशीबद्दल इतकं सांगितलं की चहा निवला. ती ते पुस्तक खरंच वाचत होती. मला हे सरांच्या शिबिराचं यश वाटलं. शनिवारी संध्याकाळपासून ती गुणगुणत पांढरी साडी इस्त्री करायची, तेही मी आत्मविकासाच्या खात्यात टाकलं. सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणं खाटेवरूनच "चहा झाला का?" असं ओरडायचो आणि ती नेहमीप्रमाणं तो आणून आदळायची.

विक्रीच्या नावानं मात्र शून्य. एक निवृत्त प्राध्यापक आले, त्यांनी खिडक्या मोजल्या, जेवले, झोपले आणि उठून गेले. एका कुटुंबानं आमच्यासोबत फोटो काढले आणि आम्हालाच विचारलं, तुम्ही किती दिवसांसाठी घेतलंय. घरापुढं कंपनीनं हिरवळ अंथरली होती, तुकड्यातुकड्यांनी आणून, सतरंजीसारखी. ती केरबाच्या शेळ्यांनी एका दुपारी गिऱ्हाइकांच्या साक्षीनं संपवली. मग कंपनीनं प्लास्टिकची हिरवळ आणली. शेळ्यांनी तीही चाखली आणि थुंकली. शेळीनं नाकारलेली वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितली.

त्यात आशाचा खरेपणा. बायका तिला आडोशाला नेऊन विचारायच्या आणि ती सांगायची. "उन्हाळ्यात दगड लई तापतो, अनवाणी पाय ठेववत नाय. पाणी टँकरचं. पण वारं असं आहे की पापड तासाभरात वाळतात." मी तिला समजावलं की पापड वाळवायला कुणी बंगला घेत नाही. ती म्हणाली, "तुम्ही घर विका, मी खोटं विकणार नाय." कार्ड तिच्या नावाचं असल्यानं मला फार बोलता आलं नाही.

आणि तरीही एक गिऱ्हाईक लागलं. समर्थनगरातलं दातांच्या डॉक्टरांचं जोडपं. डॉक्टरीणबाई आशाजवळ तासभर बसल्या, डॉक्टर माझ्याजवळ बसून माझ्या दातांकडे बघत राहिले. मी चहा नेऊन दिला, "आज काय वाचतेस?" विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे अशी एक नजर टाकली की मला सर आठवले. जाताना बाई म्हणाल्या, "असंच घर हवं. पुढच्या रविवारी येतो, पक्कं करून टाकू." त्या रात्री मी सासुरवाडीच्या पाटावर बसल्याचं स्वप्न बघितलं. साडू मला विचारत होता, काय म्हणतो धंदा.

पुढच्या रविवारी आम्ही लवकर वर पोचलो. मी चूल पेटवून तयार. तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज आला. मोटारीचा नव्हता. ट्रॅक्टरचा होता.

ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा ट्रॉलीत माझी अख्खी सासुरवाड उभी होती. पुढं फेटा बांधून मोठा मेव्हणा कारभारी. खुर्चीत बसवून आणलेली सासूबाई, वच्छलाबाई. मागं चुलत्या, मावश्या, भावजया, ज्वारीचं पोतं, गव्हाचं पोतं, नारळ, तांब्याची कळशी, आणि सगळ्यांच्या वर बसून वाट दाखवत आलेला केरबा.

आमच्याकडे नव्या घरात दूध उतू घातलं की घरभरणी झाली, आणि घरभरणीला माहेरचा आहेर आल्याशिवाय बाईचं घर भरलं असं कुणी मानत नाही. आम्ही वीस वर्षं सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथं कसली घरभरणी आणि कसला आहेर. आशाच्या धाकट्या बहिणीच्या घराला आहेर गेला होता, त्याची वाजतगाजत मिरवणूक निघाली होती, आणि आशा त्या मिरवणुकीत कळशी धरून चालली होती. हे मला त्या क्षणी आठवलं, आधी कधी आठवलं नव्हतं.

"दाजी," कारभारी खाली उतरून म्हणाला, "दूध उतू घातलं म्हणं. केरबाकडून कळालं. माहेरला सांगावा नाय. असू द्या. भाऊ हाये मी, न बोलवता आलो."

मी तोंड उघडलं. पण तोवर ज्वारीचं पोतं कंपनीच्या क्रीम रंगाच्या सोफ्यावर जाऊन बसलं होतं. मावश्यांनी माझी चूल ताब्यात घेऊन वरण-बट्टीची तयारी मांडली होती. वच्छलाबाई उंबऱ्यात उभी राहून आशाकडे बघत होती. "सवाष्ण बाई तू, पांढरं काय नेसलीस?" असं म्हणून तिनं गाठोड्यातली हिरवी साडी काढली, आशाला आत पाठवलं, नेसून आल्यावर तिची ओटी भरली. आशाचे डोळे भरून आले होते. तिनं त्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. 'सांगून टाका' असं ती म्हणत होती की 'सांगू नका', ते मला वीस वर्षांच्या संसारानंतरही कळलं नाही.

आणि डॉक्टरांची मोटार आली.

डॉक्टर आणि बाई उतरले. बाईंना तो सगळा गोतावळा भलताच आवडला. त्यांना वाटलं कंपनीनं या रविवारी कार्यक्रम वाढवलाय. डॉक्टर सरळ माझ्याकडे आले आणि अंगणाच्या मध्यभागी, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाले, "आमचं ठरलं. हेच घर घेतो. बाकीची कधी होतील कोण जाणे. आजच बुकिंग करा."

बट्ट्या थापणारे हात थांबले. कारभारी फेटा सावरत माझ्याकडे बघू लागला. ज्यासाठी मी आरशापुढं उभा राहिलो, धूर खाल्ला, शहागंजात सुतक नसताना पांढरं घेतलं, ते एकुलतं एक गिऱ्हाईक हात पुढं करून उभं होतं, आणि तेही थेट सासुरवाडीच्या डोळ्यांदेखत. यापेक्षा चांगला मुहूर्त माझ्या कुंडलीत नव्हता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो म्हटलं की घर कंपनीचं ठरलं, आणि हिरव्या साडीतली आशा आपल्या आईसमोर लोकांच्या उंबऱ्यात उभी ठरली.

"विकलं गेलंय," मी म्हणालो.

"कधी? कुणी घेतलं?"

"ह्यांनी," मी आशाकडे हात केला. "सौ. आशाबाईंनी."

डॉक्टरांनी माझ्या दातांकडे शेवटचं बघितलं, बाईंनी आशाशी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण आशा माझ्याकडेच बघत होती. मोटार धूळ उडवत खाली गेली. दहा मिनिटांत सरांचा फोन आला. "तुम्ही घर विकत घेतलं म्हणे. अभिनंदन. पैसे कधी भरताय?"

"सर, मी स्वतःला ओलांडलं."

"मग किल्ली वॉचमनकडे द्या आणि संध्याकाळच्या आत खाली उतरा," सर म्हणाले. ते टाय नसल्यासारखे बोलत होते.

जेवणं झाली. बट्ट्या उत्तम झाल्या होत्या, मी एकीचेच तुकडे करत बसलो होतो. पुरुषमंडळी ओट्यावर बसली. मी विचार करत होतो की आता हे घर घेणं भाग आहे, आणि घेणं शक्य नाही. शेवटी राहवेना. मी कारभारीजवळ सरकलो. "कारभारीभाऊ, या घराचं असं आहे..."

"दाजी," तो तंबाखू मळत म्हणाला, "खाली फाटकावर कवाची पाटी लावलीया. 'नमुना घर.' म्हशीएवढं एकेक अक्षर हाये. मी सातवी पास हाये."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग हा आहेर?"

"आहेर आशीला आणला, कंपनीला नाय. तुमचं घर व्हायची वाट बघत बसलो तर माय जाईल वर."

"आणि एवढी माणसं?"

कारभारीनं तंबाखू ओठात ठेवली आणि हात झटकले. "केरबा गावात सांगत व्हता. म्हणला, दाजी दर ऐतवारी आपल्या हातानं च्या करत्यात, आशाक्काला बसल्या जागी नेऊन देत्यात, अन् वरून इचारत्यात, काय वाचती म्हणून. माय म्हणली, असं नसतंय. लगीन झाल्यापासून माय मला एकच इचारती, आशी सुखात हाये का. मला कधी सांगता आलं नाय. म्हणलं, जाऊन डोळ्यानंच बघू." मग त्यानं आवाज चढवून बायकांकडे हाक मारली, "माय, ये इकडं. दाजी च्या करू राहिले."

अख्खी ट्रॉली ओट्याभोवती गोळा झाली. मी तीन दगडांपुढं उकिडवा बसलो. या आधी कितीतरी रविवार मी इथंच बसून चहा केला होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी होता. आज गिऱ्हाईक कुणी नव्हतं, आणि मी साखर दोनदा घातली. चहा झाला. मी तो बशीवर कप ठेवून आशाला नेऊन दिला. पुस्तक तिच्या हातात नव्हतं, त्यावर सासूबाई बसल्या होत्या. त्यामुळं पुढचं वाक्य मला म्हणता आलं नाही. मी नुसता तिच्याजवळ बसलो.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं. त्या बाईनं आठ लेकरं वाढवली आणि शंभर व्यापाऱ्यांशी घासाघीस केली आहे. तिनं आशाला विचारलं, "रोज करत्यात का गं? का ऐतवारापुरतं?"

ऋतुजानं फोनमधून मान वर काढली. खरं सांगतो, मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण आशा खोटं विकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आशानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "रोज करत्यात, माय," ती म्हणाली. "सकाळी उठवत्यात बी च्या घेऊनच."

वच्छलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मावश्या एकमेकींकडे बघू लागल्या. कारभारी उठला, डोक्यावरचा फेटा काढून दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "माझं चुकलं, दाजी. मी तुम्हाला निसता नळाचंच इचारत आलो." वीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते मला मिळालं होतं, आणि मला मान वर करून बघता येत नव्हतं.

किल्ली वॉचमनकडे देऊन आम्ही ट्रॅक्टरनं पिशोरला आलो आणि तिथून एसटी धरली. ऋतुजा पुढच्या बाकावर झोपली. आशा हिरव्या साडीत खिडकीशी बसली होती, मांडीवर तांब्याची कळशी. तिकीट काढून झाल्यावर मी म्हणालो, "खोटं कशाला बोललीस?"

"तुम्ही घर घेतलं म्हणालात, तेव्हा मी बोलले का काही?"

"ते तुझ्यासाठी होतं."

"माहितीये," ती म्हणाली आणि मांडीवरची कळशी नीट धरली. मग म्हणाली, "घराचं खोटं दादाला चालतं. चहाचं चालायचं नाय. पुढच्या महिन्यात तो मायला घेऊन राहायला येऊ राहिला."

मी विचार केला. मग आयुष्यात पहिल्यांदाच, कुणीही आखून दिलेलं नसताना, तिला विचारलं, "तुला साखर किती लागते?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "वीस वर्षांनी विचारलंत. आता ऐकाच." आणि ती बोलू लागली. फुलंब्री मागं पडली, हर्सूल आलं, तरी ती बोलतच होती. साखरेचं सांगून कधीच झालं होतं.